काताचा व्हिडिओ: चित्रीकरणापासून चर्चेपर्यंत, एकेका पायरीने

कराटे क्लासच्या ग्रुपवर काताचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या चालींच्या मालिकेचा, व्हिडिओ पडला की अंगठे येतात, ‘ओस’ (कराटेतला होकाराचा, अभिवादनाचा शब्द) येतं, ‘मस्त’ येतं. मग कुणीतरी लिहितं, ‘स्टान्स अजून खाली घे.’ टाकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. स्टान्स, म्हणजे पायांची ठेवण, खरंच उंच होता, की मोबाइल जमिनीवर टेकवल्यामुळे तसा दिसला, हे त्या व्हिडिओवरून कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक व्हिडिओ वाया जातात ते कॅमेरा चालू होण्याआधीच. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलं आहे, आणि पायऱ्यांचा क्रम मोडू नका अशी विनंती आहे.

उदाहरणासाठी शोतोकान शैलीतला हेयान शोदान घेतला आहे. चाली २१, वेळ साधारण ४० सेकंद, किआई (जोरात काढलेली आरोळी) दोन: नवव्या आणि सतराव्या चालीवर. तुमचा काता वेगळा असेल तर मापं बदलतील, क्रम हाच राहील.

## पायरी १: आधी प्रश्न ठरवा

‘कसा झाला सांगा’ हा प्रश्न नाही. त्यावर ‘छान’ याखेरीज दुसरं उत्तर येत नाही, आणि आलं तर दहा दिशांनी येतं. व्हिडिओ काढायच्या आधी एक ओळ कागदावर लिहा. उदाहरणार्थ: ‘चाल १५ ते १७ मध्ये सलग तीन ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून मारलेले ठोसे) मारताना माझी कंबर वर-खाली होते का?’ किंवा ‘नवव्या चालीनंतर वळताना तोल का जातो?’

प्रश्न ठरला की कॅमेऱ्याची जागा आपोआप ठरते. हेयान शोदानची रेघ, म्हणजे एम्बुसेन, दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी एक उभी पट्टी अशी असते. कॅमेरा समोर ठेवला तर आडव्या पट्ट्यांवरच्या चाली (१ ते ५ आणि १० ते १३) बाजूने दिसतात आणि उभ्या पट्टीवरच्या आगे-उके (डोक्यावरचा वार हाताने वर अडवण्याच्या चाली) थेट अंगावर येताना दिसतात. तिथे पायांतली रुंदी, पुढच्या गुडघ्याची दिशा आणि खांदे नीट कळतात. पण १५ ते १७ या तीन ओई-झुकींत तुमची पाठच कॅमेऱ्याकडे असते. म्हणजे कंबर उठते का हा प्रश्न विचारून समोरून काढलेला व्हिडिओ पाठवला, तर ज्या जागेवर उत्तर आहे तीच जागा झाकलेली राहते. ही चूक फार वेळा होते.

थोडक्यात असं धरा. स्टान्सची लांबी, मागचा गुडघा, कंबरेची उंची आणि पुढे झुकणं यांसाठी, चाल उभ्या पट्टीवर असेल तर, कॅमेरा बाजूने. रुंदी, गुडघा आत पडणं, हात मध्यरेषेत येणं यांसाठी समोरून. हिकितेबद्दल (ठोसा मारताना कंबरेशी मागे खेचलेल्या दुसऱ्या हाताबद्दल) विचारायचं असेल तर तो हात ज्या बाजूला आहे त्या बाजूने, नाहीतर तो धडाआड जातो.

तपासा: तुमच्या प्रश्नात चालीचा क्रमांक आहे का? नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

## पायरी २: परवानगी, आणि मुलांची काळजी

आपल्याकडच्या क्लासमध्ये बहुतेक विद्यार्थी शाळकरी असतात, म्हणून ही पायरी शेवटी उरकायची नाही.

सेन्सेईंना (शिकवणाऱ्यांना) आधी विचारा. काही जण बेल्ट परीक्षेचं चित्रीकरण करू देत नाहीत, काही जण क्लासबाहेर व्हिडिओ पाठवायला नकार देतात. तो त्यांचा निर्णय आहे आणि त्यावर ग्रुपमध्ये वाद घालू नये. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर आईवडिलांना नुसतं ‘व्हिडिओ काढू का’ असं विचारू नका. कुठे पाठवणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे सांगून परवानगी घ्या. आणि मुलालाही विचारा. नको म्हणालं तर विषय तिथे संपला.

फ्रेममध्ये मागे दुसरी मुलं असतील तर त्यांचीही परवानगी लागते. सोपा उपाय म्हणजे भिंतीकडे कॅमेरा वळवून एकट्याचं चित्रीकरण करणं.

सावधान: शाळेचा बिल्ला, दप्तरावरचं नाव, इमारतीची पाटी, गाडीचा नंबर, भिंतीवरचं क्लासचं वेळापत्रक यांतलं काहीही दिसता कामा नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. ते चालू असेल तर जागेची नोंद फाइलमध्येच राहते आणि फाइलबरोबर पुढे जाते.

## पायरी ३: जागा आखा

बहुतेक जण ‘योइ’च्या (सुरुवातीच्या तयार स्थितीच्या) जागी उभं राहून फ्रेम लावतात. डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसतं आणि समाधान होतं. मग नवव्या चालीपर्यंत तुम्ही तीन-साडेतीन मीटर पुढे येता, कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या आडव्या पट्टीवर जाता, आणि तिथे पावलं कापली जातात किंवा माणूसच फ्रेमबाहेर जातो.

म्हणून फ्रेम लावायची ती जवळच्या पट्टीवरून. क्रम असा ठेवा.

१. सुरुवातीच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची लहान फुली करा.
२. काता संथपणे नवव्या चालीपर्यंत करा आणि जिथे पोचाल तिथे दुसरी फुली करा.
३. दुसऱ्या फुलीपासून दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर खुणा करा. मोठ्या माणसाला एवढं अंतर पुरतं, लहान मुलाला त्याहून कमी.
४. दुसऱ्या फुलीपासून साधारण पाच मीटर दूर कॅमेरा ठेवा. म्हणजे पहिल्या फुलीपासून आठ-साडेआठ मीटर.
५. कुणाला तरी त्या बाजूच्या खुणांवर उभं करून पावलं आणि वर उचललेला हात दिसतो का ते पाहा.

बाजूने चित्रीकरण करायचं तर उभ्या पट्टीच्या मध्यासमोर, तिच्यापासून सहा-सात मीटरवर कॅमेरा ठेवा. नाहीतर आडव्या पट्टीवर येताना तुम्ही कॅमेऱ्यावरच चालून याल.

एवढी जागा घरात मिळत नाही, हे खरं. अशा वेळी लोक मोबाइलची ०.५ची, म्हणजे रुंद कोनाची, लेन्स लावतात, आणि तिथेच घोळ होतो. ती लेन्स कडेची वस्तू ताणून दाखवते. फ्रेमच्या कडेला असलेला झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवलेला लांब स्टान्स) प्रत्यक्षापेक्षा लांब दिसतो आणि मधला तसा दिसत नाही. जागा कमी असेल तर काता दोन तुकड्यांत काढा, चाली १ ते ९ आणि १० ते २१, पण लेन्स १ वरच ठेवा. सोसायटीची गच्ची किंवा शाळेचं मैदान मिळालं तर सकाळी लवकर जा. तापलेल्या फरशीवर अनवाणी काता करताना पाऊल नकळत लवकर उचललं जातं आणि व्हिडिओत खोटी चूक दिसते.

फरशांचा एक चांगला उपयोग आहे. पुष्कळ ठिकाणी फरशा दोन फुटी, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या असतात. एम्बुसेन फरशीच्या रेघेवर घेतली तर स्टान्सची लांबी आणि रुंदी मोजता येते, अंदाज बांधावा लागत नाही. सुरुवातीच्या फुलीचाही उपयोग आहे: हेयान शोदान जिथून सुरू होतो तिथेच संपतो. शेवटी तुम्ही फुलीपासून फरशीभर दूर असाल, तर कुठल्यातरी बाजूची पावलं लहान पडत आहेत.

## पायरी ४: मोबाइल लावा

उंची: करणाऱ्याच्या बेल्टच्या गाठीएवढी. मोठ्या माणसासाठी टेबलावर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवली की होतं. लहान मुलासाठी स्टूल पुरेल. डोक्याच्या उंचीवरून पाय आखूड आणि स्टान्स खोल दिसतो, जमिनीवरून माणूस उंच दिसतो. मोबाइल पुढेमागे कललेला नको, सरळ उभा हवा.

आडवा धरा. आणि कुणाच्या हातात देऊ नका. भावाने मोबाइल धरून तुमच्यामागे फिरवला की तुम्ही सरळ रेषेत गेलात की तिरके, हे कळायला आधारच उरत नाही.

मागचा कॅमेरा वापरा. सेल्फीचा कॅमेरा काही मोबाइलवर आरशासारखं उलटं चित्र साठवतो.

रिझोल्यूशन १०८० पुरे. ४के घेतल्याने फाइल जड होते, कळत काहीच जास्त नाही. दर सेकंदाच्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, संख्या मात्र महत्त्वाची. मूठ सेकंदाला सहा मीटर वेगाने गेली, तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये ती २० सेंटीमीटर सरकलेली असते. ५० किंवा ६० फ्रेम ठेवलेत तर ठोसा कुठून निघाला ते दिसतं.

हॉलमधल्या दिव्यांखाली चित्रावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात, त्याचं कारण वीज. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ३० आणि ६० या संख्यांशी ते जुळत नाही, २५ आणि ५०शी जुळतं. मोबाइलमध्ये पॅल फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो चालू करून ५० निवडा. नसेल तर दिवसा, खिडकीच्या उजेडात काढा. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी हवी, करणाऱ्याच्या नव्हे.

पांढरा ड्रेस आणि पांढरी भिंत हा जोड टाळा, हात भिंतीत विरघळतात. पडद्यावर ड्रेसच्या जागी बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड स्थिर करा, म्हणजे तुम्ही पुढे आलात की चित्र अंधारणार नाही.

तपासा: दहा सेकंदांचा नमुना काढून पाहा. ड्रेसचा डावा पदर उजव्याच्या वर दिसायला हवा. आणि पहिली चाल डावीकडे असल्याने पडद्यावर तुम्ही उजवीकडे वळताना दिसायला हवेत. दोन्ही उलटं दिसलं तर चित्र आरशातलं आहे. फक्त पदर उलटा असेल तर ड्रेस चुकीचा घातलाय.

## पायरी ५: चित्रीकरण

अंग गरम झाल्यावर, पण थकण्याआधी काढा. क्लास संपल्यावर काढलेल्या व्हिडिओत दमलेले पाय दिसतात आणि चर्चा भलतीकडे जाते.

कॅमेरा चालू केल्यावर तीन सेकंद थांबा. रेई (वाकून नमस्कार) करा, स्पर्धेत करतात तसं काताचं नाव मोठ्याने घ्या, मग योइ. शेवटच्या चालीनंतर लगेच मोबाइलकडे धावू नका. झानशिन, म्हणजे चाल संपल्यावरही टिकवलेली सावधता, हा काताचाच भाग आहे, तोही व्हिडिओत यायला हवा.

पंखा बंद ठेवा. श्वास, पावलाचा आवाज आणि किआई यांवरून लय कळते. त्यावर गाणं चढवू नका.

तीनपेक्षा जास्त वेळा काढू नका. सगळ्यांत सुंदर झालेला निवडायचा मोह होतो, पण ज्यात तुमचा प्रश्न स्पष्ट दिसतो तोच पाठवा. चुकलेली चाल कापू नका. मधला तुकडा कापला की आधीचं पाऊल आणि नंतरचं पाऊल यांचा संबंध तुटतो, आणि चूक बहुधा आधीच्या पावलातच असते.

स्लो मोशन हवंच असेल तर नेहमीच्या वेगाच्या व्हिडिओबरोबर वेगळं पाठवा. नुसत्या स्लो मोशनमध्ये लय आणि किमे (चालीच्या शेवटी एकवटलेला जोर) दोन्ही हरवतात.

## पायरी ६: पाठवण्याआधी स्वतः पाहा

तीन वेळा. पहिल्यांदा न थांबवता. दुसऱ्यांदा पडद्याचा वरचा अर्धा भाग कागदाने झाकून, फक्त पाय. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज. तिसऱ्या वेळी आश्चर्य वाटेल: सगळ्या चाली एकाच अंतराने पडत असतील तर ते कानाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही.

कंबरेचा प्रश्न असेल तर बाजूने काढलेला व्हिडिओ लॅपटॉपवर लावा, चौदाव्या चालीवर थांबवा आणि बेल्टच्या गाठीवर कागदाची सरळ कड धरा. आता सतरापर्यंत हळू चालवा. गाठ कडेच्या वर जाते ती नेमकी कधी? पाऊल शेजारी येताना जात असेल तर टेकलेल्या पायाचा गुडघा सरळ होतोय. ठोसा पोचताना जात असेल तर मागची टाच उचलली जात असण्याची शक्यता जास्त. ही युक्ती फक्त बाजूच्या कोनात चालते, कारण कॅमेऱ्याकडे येणारा माणूस तसाही मोठा होत जातो.

बरेच प्रश्न इथेच सुटतात. सुटला तर पाठवायची गरज नाही.

## पायरी ७: पाठवा

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला की तो दाबून लहान केला जातो आणि हाताच्या जागी धूसर पट्टा उरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र लोकेशनची नोंदही तशीच जाते, म्हणून ती पायरी २ मध्येच बंद करायला सांगितली.

यूट्यूबवर ठेवायचा असेल तर ‘अनलिस्टेड’ आणि ‘प्रायव्हेट’ यांतला फरक लक्षात ठेवा. अनलिस्टेड व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. मुलांचे व्हिडिओ प्रायव्हेटच ठेवा आणि मोजक्या लोकांना ईमेलवरून पाहू द्या.

व्हिडिओखाली काय लिहायचं, त्याचा नमुना:

‘नमस्कार सर. काता: हेयान शोदान. शैली: शोतोकान. बेल्ट: पांढरा. कोन: उजव्या बाजूने, कॅमेरा बेल्टच्या उंचीवर. प्रश्न: चाल १५ ते १७ मध्ये पाऊल पुढे नेताना कंबर उठते का? ०:२८ पासून ०:३३ पर्यंत पाहावं.’

शैली लिहिणं टाळू नका. शोतोकानचा हेयान शोदान हा शितो-र्यू आणि वाडो-र्यूमध्ये पिनान निदान म्हणून ओळखला जातो, कारण गिचिन फुनाकोशी यांनी पहिल्या दोन कातांचा क्रम बदलला. वाडोमध्ये त्याच्या शेवटच्या चार चाली शिको-दाचीत (पाय फाकवलेला बसका स्टान्स) होतात, शोतोकानमध्ये कोकुत्सु-दाचीत (वजन मागच्या पायावर असलेला स्टान्स) शुतो-उके (तळहाताच्या कडेने अडवणं). शैली लिहिली नाही की कुणीतरी प्रामाणिकपणे ‘शेवट चुकला’ असं सांगतो, दुसरा त्याला खोडतो, आणि कंबरेचा प्रश्न बाजूलाच राहतो.

सावधान: पहिलं उत्तर तुमच्या सेन्सेईंकडून घ्या. त्यांना न दाखवता बाहेरच्या ग्रुपवर विचारून ‘तिकडे असं सांगितलं’ म्हणत क्लासला जाऊ नका. त्याने शिकणं थांबतं.

## पायरी ८: उत्तर देणाऱ्यांसाठी

विचारलंय तेवढ्याचंच उत्तर आधी द्या. दुसरं काही गंभीर दिसलं, म्हणजे गुडघा आत कोसळतोय आणि दुखापत होईल असं वाटलं, तर ते जरूर लिहा. बाकीचं राहू द्या.

वेळ, चाल, काय दिसलं, काय करून पाहावं, या क्रमाने लिहा. ‘०:३०, चाल १६: डावं पाऊल उजव्याजवळ येताना उजवा गुडघा सरळ होतोय आणि कंबर उठतेय. ठोसा न मारता, हात कंबरेवर ठेवून फक्त तीन पावलं संथ टाकून पाहा.’ एवढं पुरे. ‘पॉवर कमी आहे’ हे वाक्य वाचून उद्या सकाळी काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

शब्द सुचत नसतील तर जागतिक कराटे महासंघाच्या २०१९च्या नियमांतली यादी कामाला येते: स्टान्स, तंत्र, दोन चालींमधली हालचाल, टायमिंग, श्वास, किमे आणि शैलीशी सुसंगती, आणि शारीरिक बाजूला ताकद, वेग, तोल. त्या नियमांत तांत्रिक बाजूला ७० टक्के वजन होतं, शारीरिक बाजूला ३०. शब्द घ्या, गुण देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला ‘६.८’ असं लिहून काहीच शिकवता येत नाही.

तुलनेसाठी मोठ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवायची असेल तर तीच शैली, तोच काता निवडा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली रियो कियुना यांनी अंतिम फेरीत ओहान दाई केला आणि सुवर्ण जिंकलं. तो पाहावा असाच आहे, पण त्यांची शैली र्युएई-र्यू आहे. हेयान शोदान शिकणाऱ्याने त्यातले थांबे उचलले तर काता बिघडतो. आणि अशा व्हिडिओची लिंक द्या, तो उतरवून आपल्या नावाने पुन्हा चढवू नका.

मुलांच्या व्हिडिओखाली चेहरा, वजन, शरीर यांवर एक शब्दही नको. कुणी लिहिला तर ग्रुप चालवणाऱ्याने तो लगेच काढावा, समजावत बसू नये. सुधारणा मोठ्या विद्यार्थ्यांनी सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा दादा-ताई या नात्याने पालकांच्या नंबरवर सांगितलेली बरी.

## पायरी ९: सुधारणा आणि पुन्हा चित्रीकरण

पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या तर एकच निवडा, आणि ती निवड सेन्सेईंना विचारून करा. पायांपासून सुरुवात केलेली चांगली. स्टान्स सुधारला की हिकितेच्या आणि खांद्यांच्या काही तक्रारी आपोआप कमी होतात.

दुसऱ्याच दिवशी नवा व्हिडिओ टाकू नका. दोन-तीन आठवडे त्या एका गोष्टीवर काम करा. मग त्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच उंचीवर, त्याच लेन्सने काढा. फुल्या कुठे होत्या ते विसरायला होतं, म्हणून आधीच कॅमेऱ्याच्या जागेचा एक फोटो काढून ठेवा. फाइलला ‘हेयान-शोदान, बाजूने, महिना, तारीख’ असं नाव द्या. व्हिडिओ–१, व्हिडिओ–२ अशी नावं सहा महिन्यांनी काही सांगत नाहीत.

नवा व्हिडिओ जुन्याच प्रश्नाखाली टाका आणि कुणाच्या सूचनेवर काम केलं ते लिहा. सूचना देणाऱ्याला त्याने सांगितलेलं चाललं की नाही, हे कळायला हवं. नाही चाललं तर तेही स्पष्ट लिहा: ‘ताई, तीन पावलांचा सराव केला, कंबर आता उठत नाही, पण मागची टाच उचलली जातेय.’ पुढचा प्रश्न तयार झाला, पुन्हा पायरी १.

वर्षातून एकदा, बेल्ट परीक्षेनंतर, ग्रुपमधले मुलांचे जुने व्हिडिओ काढून टाका. पालकांना हवे असतील तर आधी त्यांच्याकडे प्रती द्या, यूट्यूबच्या लिंक बंद करा, आणि ज्यांनी क्लास सोडला त्यांना ग्रुपमधून कमी करा. एखाद्या पालकाने मधेच व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढून टाका.